पट्टीखालचं हसू

पायल आणि स्वप्निल यांची गाठ घालून दिली ती लोडशेडिंगनं. दोन हजार सात सालची गोष्ट. अमरावतीत वीज किती वाजता जाणार याचं वेळापत्रक तेव्हा पेपरात छापून यायचं, आणि वीज त्या वेळापत्रकाला अजिबात भीक घालायची नाही. राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत, अरुंद जिना चढून गेलं की एक कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. बारा मशीन, दोन पंखे आणि एकच यूपीएस. तो यूपीएस ज्या मशीनला जोडलेला होता, तिथं लॅब सांभाळणारा स्वप्निल राजासारखा बसायचा.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी पायलनं दोन तास खपून वेबपेज बनवलं, आणि ती शेवटची ओळ लिहीत असताना स्क्रीन काळी झाली.

"गेलं…" ती म्हणाली. बोटं अजून कीबोर्डवरच होती.

"सेव नोतं केलं?" मागून आवाज आला.

"नाही."

"काहून?"

"लाईट जाईल हे मला काय माहीत?"

"अमरावतीत राहून असं बोलता? कुठल्या तुमी — स्वित्झर्लंडच्या?"

"अकोल्याची."

"मंग त इलाजच नाही." त्यानं आपली खुर्ची सरकवली. "या इकडं. यूपीएस वीस मिनिटं चालते. तेवढ्यात आठवंन तेवढं लिवा."

पायल त्याच्या शेजारी बसली. वीस मिनिटांत तिनं अर्ध्याहून जास्त पेज परत उभं केलं, आणि त्यातली निम्मी मिनिटं तिचं लक्ष त्याच्या शर्टाच्या बाहीकडे होतं. बाहीला खडूची पांढरी रेघ लागली होती. सांगावं की सांगू नये… तिनं सांगितलं नाही.

पेजमध्ये एक घोळ होता. संत्र्याच्या बागेच्या चित्रावर तिनं एक पांढरा चौकोन ठेवला होता आणि मागची बाग जराशी दिसावी म्हणून पुस्तकातून उतरवलेल्या ओळींनी तो फिका केला होता. पण चौकोनातली अक्षरंही फिकी पडली होती, वाचताच येत नव्हती.

"ओपॅसिटीचं असंच आहे," स्वप्निल म्हणाला. "एक म्हंजे पूर्ण घट्ट, मागचं काहीच दिसत नाही. शून्य म्हंजे गायब. पण डब्बा फिका केला का आतलं सगळं फिकं होते. अक्षरं बाहेर काढा, अन् वरून वेगळी ठेवा."

तिनं तसं केलं, नव्या चौकोनाला नुसती पॉइंट तीनची ओपॅसिटी दिली. चौकोन उलट दगडासारखा घट्ट झाला होता.

"आता हे काय?"

"आता हे एक्सप्लोररचे नखरे. आपल्या सगळ्या मशीनवर तोच आहे, अन् त्याले साधी भाषा समजत नाही. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिवा लागते — फिल्टर, अल्फा, अन् आकडा शंभरपैकी. बाकी दुनियेसाठी पॉइंट तीन, याच्यासाठी तीस. दोन्ही ओळी लिवायच्या. एक बदलली का दुसरी बदलायची. हे विसरलात तर एका घरी एक दिसंन, दुसऱ्या घरी दुसरं."

पायलनं मान डोलावली. हे वाक्य आपल्याला पुढे किती महागात पडणार आहे, याची तिला तेव्हा काय कल्पना?

मग रोजच वीज जावी असं तिला वाटू लागलं. आणि वीजही तशी दिलदार. दुपारी खोलीत अर्धवट उजेड असायचा, खालच्या टपरीवरून तर्रीचा वास वर यायचा, आणि दोघं त्या एका मशीनपुढे बसायचे. पंधरा दिवसांत तो "तुमी"वरून "तू"वर आला. ती "सर"वरून "तुम्ही"वर आली आणि तिथंच थांबली.

त्यांची एक गंमत होती. फाईलमध्ये तिरकी रेघ आणि चांदणी, अशा खुणांच्या मध्ये काहीही लिहिलं तरी ते पेजवर दिसत नाही. फाईल उघडेल त्यालाच दिसतं. मशीनवर मराठी धड उमटायचं नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. एक दिवस पायलनं फाईल उघडली तर मध्येच एक ओळ: "आज पॉइंट तीन दिसून राहिली. जेवली नाही का?"

तिनं खाली लिहिलं, "मेसमध्ये कारलं होतं."

दुसऱ्या दिवशी फाईलमध्ये ओळ नव्हती, कीबोर्डवर कागदात बांधलेले दोन समोसे होते.

असं ते चाललं होतं. पण एका दुपारी स्वप्निलनं सहज विचारलं, "तुह्या घरी कोण कोण असते?" त्याच्या घरी नांदगाव खंडेश्वरला वडील होते, आणि आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. अख्खं गाव तिला "बाई" म्हणायचं.

"आईच आहे. बाबा मी लहान असतानाच गेले."

"काय करते आई?"

"जिनिंगमध्ये आहे." इथंच थांबली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "सुपरवायझर."

खोटं बोलायचं ठरवून ती बोलली नव्हती. तिची आई केशरबाई अकोल्याला जिनात कवडी वेचायची. म्हणजे कापसाच्या ढिगावर बसून त्यातली डागी, किडकी बोंडं दिवसभर हातानं निवडायची. संध्याकाळी घरी आली की केसांत रुई अडकलेली असायची, आणि खोकला. पायलच्या कोर्सची फी त्या बोटांनी निवडून काढली होती. हे तिला कळत होतं, म्हणूनच खोटं बोलून झाल्यावर तिला रात्री मेसचं जेवण गेलं नाही. त्या दिवशी कारलंही नव्हतं.

मार्चमध्ये इन्स्टिट्यूटला काम मिळालं. अकोल्याच्या वामनरावांना आपल्या जिनाची वेबसाईट हवी होती. कापसाचा भाव बसला होता, जिन वर्षातून जेमतेम चार महिने चालत होतं, आणि साईट पाहून बाहेरची गिऱ्हाइकं येतील अशी त्यांना आशा होती. केशरबाई याच जिनात होती.

"फोटो काढाले अकोल्याले चाल ना संग," स्वप्निल म्हणाला. "तुह्या आईचीही भेट होईन."

"डोकं दुखतंय माझं. आणि आई… आई सुटीवर आहे."

तो एकटाच गेला. दोन दिवसांनी केशरबाईचा शेजारच्या फोनवरून फोन आला. "अव पायल, एक पोट्टा आला होता फोटो काढाले. थो गेल्यावर मालक म्हने, तुमच्याच किलासातला होता. लय गमत्या. म्हने, मावशी हसा, नाही त कापूस काळा येईन. मी अशी हसली का सगळ्या बाया माह्याकडं पाहू लागल्या. तुमच्या त्या साईटवर येईन का व थो फोटो?"

"येईल."

"माहा फोटो म्हंजे मतदानाच्या कार्डावरचा. त्याच्यात मी चोरावानी दिसते." आणि ती फोनवरही हसली.

मग दर फोनला एकच प्रश्न. आला का व माहा फोटो? काम लांबत गेलं, कारण साईट हंगामाच्या मुहूर्तालाच उघडायची असं वामनरावांनी ठरवलं होतं. सप्टेंबर उजाडला तेव्हा कुठे दोघं नेटानं बसले. बाहेर पत्र्यावर पावसाची सर वाजत होती. स्वप्निलनं फोटो उघडला.

कापसाची पांढरीशुभ्र गंजी, त्यावर अकरा बाया. आणि बरोबर मध्ये केशरबाई, मान मागे टाकून, डोळे मिटून, खुदकन नव्हे तर खदाखदा हसत होती.

"हाच पहिल्या पानावर," तो म्हणाला. "या मावशीचं हसू पाय. पूर्ण साईटीचा जीव हाये तिच्यात." मग त्यानं पायलकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. "गमतीची गोष्ट सांगू? तू कधीमधी अशीच हसतेस. मान मागं टाकून."

"काहीतरीच."

"खरंच. हसून दाखव."

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" ती इतकी तुटकपणे बोलली की तो परत कामाला लागला.

जिनाच्या नावाची पांढरी पट्टी फोटोच्या तळाशी, बायांच्या पायांवर यायची होती. जराशी फिकी, मागचा कापूस दिसेल अशी. स्वप्निलनं ती तशी बसवली. पण मुहूर्ताच्या दोन दिवस आधी, तो चहा आणायला खाली उतरला असताना, पायलनं पट्टी वर सरकवली. आईच्या चेहऱ्यावर. तरी हसू खालून दिसतच होतं. तिनं तीसचे शंभर केले. पट्टी घट्ट झाली. आई गेली.

चहाचे ग्लास घेऊन तो आला तेव्हा ती म्हणाली, "वर नाव नीट वाचता येतं… म्हणून सरकवली."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. एवढा विश्वास. पायलला चहा कडू लागला.

एक्सप्लोररची ओळ तिनं बदलली होती. दुसरी, पॉइंट तीनची ओळ, तशीच राहिली होती.

त्या संध्याकाळी तिनं आईला फोन केला. "आई, परवा तिथं मला ओळख दाखवू नको. आमचे सर कडक आहेत, कामाच्या वेळी घरचं चालत नाही."

केशरबाई म्हणाली, "बरं."

मुहूर्ताला जिनाच्या आवारात काटापूजन झालं. कापूस तोलायच्या काट्याला हार, हळदकुंकू, नारळ. दरवर्षी बँड असायचा, या वर्षी वामनरावांनी नको म्हटलं होतं. "गावागावात कास्तकार जीव देऊन राहिले, अन् आपण वाजवाव?" एवढंच ते बोलले. मग कापसाच्या गठाणी बांधायचं पांढरं कापड भिंतीवर ताणलं, आणि वामनरावांची सून आपला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून बसली. फोटो आपलाच आहे म्हणून साऱ्या बाया पुढे येऊन बसल्या होत्या. केशरबाई शेवटच्या रांगेत होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं. पायलकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

सूनबाई पुण्याची, ती एक्सप्लोरर नाही, फायरफॉक्स वापरायची. तिनं साईट उघडली, आणि भिंतीएवढ्या कापडावर पांढऱ्या धुक्यातून केशरबाई हसताना दिसली. तिच्या दातांवर जिनाचं नाव, कपाळावर फोन नंबर.

बाया फिसकन हसल्या. "केसर, तू त पट्टीखाली दडली व," तिच्या शेजारीच राहणारी वच्छला म्हणाली. मग ती पायलकडे पाहून काही बोलायला उठली, तर केशरबाईनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

वामनरावांच्या कपाळाला आठी. "हे माणसाच्या तोंडावर काहून ठेवलं?"

स्वप्निलनं एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा पायलकडे. लॅबमध्ये घट्ट दिसणारी पट्टी इथं पारदर्शक कशी, हे त्याला क्षणात कळलं असणार. कोणीतरी एकच ओळ बदलली होती. का, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. तरी तो म्हणाला, "माही चूक हाये साहेब. घाईत पट्टी वर सरकली."

आणि मागून केशरबाई म्हणाली, "राहू द्या ना मालक. जराशी दिसून राहिली ना मी. तेवढं लय झालं."

पायलला वाटलं, जमीन दुभंगावी. जिला झाकलं ती आपल्याला झाकत होती, आणि ज्याच्यापासून झाकलं तोही. शरम अशी की मान वर होईना. पण त्या दोघांच्या आड अजून एक क्षण उभं राहणं तिला जमलं नाही.

"चूक सरायची नाही," ती म्हणाली. गेल्या आठ महिन्यांत स्वप्निलनं तिच्या तोंडून वऱ्हाडी ऐकली नव्हती. "म्या ठेवली थे पट्टी. मुद्दाम. ते माही माय हाये… मी सरायले सांगतलं होतं का ते सुपरवायझर हाये म्हणून."

पायल लॅपटॉपपाशी गेली, फाईल उघडली आणि पट्टी फोटोच्या तळाशी नेऊन ठेवली. दोन्ही ओळी नीट केल्या, आधी एक, मग दुसरी. कापडावर केशरबाई पूर्ण उजळली.

"सुपरवायझरच त हाये ना ते," वच्छला म्हणाली. "दिवसभर आमाले हाकलत असते." तेव्हा कुठे सगळे हसले. केशरबाई मात्र पदर तोंडाला लावून भिंतीवरच्या स्वतःकडे पाहत राहिली.

स्वप्निल वायरी गुंडाळत होता. पायल जवळ जाऊन उभी राहिली.

"मायची लाज वाटत होती तुले?"

"आईची नाही… तुमची वाटत होती. तुमच्या आई शिक्षिका, आणि…"

"म्हंजे मी मायचं काम पाहून माणूस मोजतो." त्यानं वायरीची गाठ मारली. "आठ महिने झाले, पायल. आठ महिन्यांत मी तुले एवढाच दिसलो?"

तो पाच वाजताच्या गाडीनं एकटाच अमरावतीला गेला.

घरी केशरबाईनं भाकर थापली, ताटात झुणका वाढला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्या पोट्ट्यासाठी केलं का?" तिनं विचारलं.

पायलनं होकारार्थी मान हलवली.

"पोट्टा चांगला हाये. पण तू वाईट केलं." आणि ताट तिच्यापुढे सरकवत, "जेव."

आईच्या कुशीत तोंड घालून पायल खूप रडली. केशरबाईच्या केसांतली रुई तिच्या गालाला लागत होती.

अमरावतीला परत गेल्यावर स्वप्निल तिच्याशी कामापुरतं बोलायचा. "तुमी" म्हणून. त्या एका शब्दानं तिचा जीव अर्धा व्हायचा. शेवटी तिनं साईटची फाईल उघडली आणि तिरकी रेघ आणि चांदणी यांच्या मध्ये लिहिलं: "माझी आई कवडी वेचते. बारा वर्षं झाली. तिच्या पैशावर मी शिकले. मी तुमच्याशी खोटं बोलले आणि तुम्हाला लहान समजले. याची मला फार लाज वाटते. माफ नाही केलंत तरी चालेल, पण तुमी म्हणू नका."

एक दिवस गेला, दोन गेले. ती दर तासाला फाईल उघडून पाहायची. चौथ्या दिवशी खाली एक ओळ होती: "रविवारी जिनात येतो. ओळख करून दे. मशीनवर नको, तोंडानं."

हंगामात जिनाला रविवार नसतो. सगळे रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, सुरू होते, आणि त्यांचा आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. हवेत रुई तरंगत होती. स्वप्निल दारात उभा होता, हातात अर्धा किलो पेढे, बाहीला रेघ होतीच. पायल त्याला घेऊन थेट गंजीवर चढली. चपला कापसात रुतत होत्या.

"ही माझी आई," ती ओरडून म्हणाली. "केशरबाई. जिनात कवडी वेचते."

स्वप्निल वाकला. केशरबाईनं त्याला हातानंच वर उठवलं, खालीवर न्याहाळलं, आणि चेहऱ्यावर अगदी भोळा भाव आणून पायलला विचारलं, "अन् हा कोन व?"

"आई… तुला माहीत आहे."

"काय? आयकू नाही येत."

"स्वप्निल!"

"नाव मले माईत हाये. हा कोन म्हून इचारून राहिली."

पायलनं त्याच्याकडे पाहिलं. तो कापसाकडे पाहत होता, जणू त्याला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त त्याचे कान लाल झाले होते. तिनं श्वास घेतला, आणि रेच्यांच्या वर आवाज चढवून, जीव एकवटून ओरडली, "मले हा आवडते!"

आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. रेचे घरघरत थांबले, आणि तिचं वाक्य निम्म्या जिनानं स्वच्छ ऐकलं. गंजीवरच्या बाया, काट्यावरचा मुनीम, दारातला हमाल, सगळे वळून पाहू लागले.

त्या शांततेत स्वप्निल हळूच म्हणाला, "सेव केलं ना?"

पायलला तोंड लपवायला जागा नव्हती. तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले, आणि मग तिला हसू आलं, मान मागे टाकून, खदाखदा. शेजारी केशरबाईही तशीच हसत होती. स्वप्निलनं पिशवीतून कॅमेरा काढला.